हसण्यावारी नेलेली गोष्ट

आमचा धाकटा जेवताना मोबाईल ताटाजवळ उभा करून ठेवतो. परवा त्यावर दोन विनोदवीर गप्पा मारीत होते. याला पॉडकास्ट म्हणतात, हे मला त्यानेच सांगितले. लोकांनी संसारातल्या, प्रेमातल्या अडचणी लिहून पाठवायच्या आणि या दोघांनी हसत-खेळत सल्ला द्यायचा. एकाने लिहिले होते, बायको चार दिवस बोलत नाही. सल्ला मिळाला, "मग चार दिवसांची सुट्टी समज की!"

पोरगा हसला, मीही हसलो. भाकरी वाढता वाढता सौ. म्हणाली, "तुम्हीबी असंच सांगता की लोकास्नी."

घास घशातच अडकला.

मी दिवसा कारकुनी करतो आणि संध्याकाळी विहारात बसतो. वस्तीतील घरगुती तंटे तिथे येतात. गेल्या वर्षी एक भगिनी आली. नवरा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. ती म्हणाली, "दादा, पंधरा दिवस झालं, ते घरात बोलत न्हाईत." मी म्हणालो, "म्हणजे घरात शांतता आहे म्हणा की!" बसलेली सगळी मंडळी हसली. तीही हसली आणि पदर सावरून निघून गेली. दोन महिन्यांनी कळले, पगार घरी येत नव्हता आणि मारहाण चालू होती. ती मुलांना घेऊन हातकणंगल्याला माहेरी गेली होती. मी बी.कॉम. झालेला माणूस, खात्यात एका रुपयाचा फरक निघाला तर दिवस घालवून शोधतो. इथे बाई समोर उभी होती, तर एक प्रश्नही विचारला नाही.

विनोदाला माझा विरोध नाही. 'भाडिपा'वाल्यांनी २०१६ पासून मोबाईलवर मराठी घरातली बोलणी हसत-हसत मांडली, ती आमच्या घरातही आवडीने पाहतात. बापाला विचारता येत नाही ते पोरे अशा ठिकाणी विचारतात, हेही बरेच आहे. आणि आपल्याला विनोदाचे वावडे कधी होते? १९३० नंतरच्या काळात भीमराव कर्डकांसारख्यांनी जलशातून लोकांना पोट धरून हसवले. पण तिथे हसे व्हायचे ते दारुड्याचे, अंधश्रद्धेचे. मार खाणारीला कोणी हसत नसे. आमच्या करवीर संस्थानात तर शाहू महाराजांनी १९१९ साली स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. आज २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. हे सारे मला पाठ होते. त्या संध्याकाळी मात्र विनोद आधी सुचला.

आता तंटा आला की सौ.ला शेजारी बसवतो. बायका तिच्याशी बोलतात, मी लिहून घेतो.

ती भगिनी आता वस्तीत परत आली आहे, शिवणकाम करते. रविवारी तिच्याकडे जाऊन माफी मागितली. तिने चहा पुढे केला आणि म्हणाली, "जाऊ द्या दादा. सगळी हसली म्हणून मीबी हसले."