रिस्ट्रिक्ट

'रिस्ट्रिक्ट' हे इंग्रजी क्रियापद आपण किती सहज वापरतो! मुलांचा टीव्ही रिस्ट्रिक्ट करतो, साखर करतो, खर्चही करायचा म्हणतो (तो होत नाही, असो). मराठीत सांगताना मात्र गडबड. 'निर्बंध' म्हणावं तर शब्दच फसवा. निर्मल म्हणजे मळ नसलेला, मग निर्बंध म्हणजे बंध नसलेला व्हायला हवा. अर्थ नेमका उलटा! म्हणून बोलताना आपण सरळ 'बंद' म्हणून मोकळे होतो.

गेल्या वर्षी हे 'बंद' आमच्या घरात महागात पडलं असतं. मोठे काका पेणच्या खारेपाटातले. हृदयाचं पंपिंग कमी झालं म्हणून रोह्याला दवाखान्यात होते. सोडताना डॉक्टर म्हणाले, "फ्लुइड रिस्ट्रिक्ट करा. दिवसाला दीड लिटर, चहा-पेज-ताक सगळं धरून." आत्याने ऐकलं, 'पाणी बंद'. गोळीपुरते दोन घोट द्यायची. तिसऱ्या दिवशी काकांची जीभ कोरडी, उठलं की चक्कर.

"दादा, तुझ्यासाठीच करतेय ना रे!" आत्या रडवेली.

काका म्हणाले, "अगं, उघाडीला खिळे ठोकलेस तू."

खारेपाट न पाहिलेल्यांसाठी सांगते. तिकडे भातशेतीत समुद्र शिरू नये म्हणून मातीचे बांध असतात आणि त्या बांधात उघाडी, म्हणजे दार. भरतीच्या जोराने ते मिटतं, ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. बांध फुटला तर खारं पाणी शेत नासवतं हे खरं. पण उघाडी कायमची मिटली तर गोड्या पाण्यातही भात कुजतोच की! 'रिस्ट्रिक्ट'चं लॅटिन मूळही मागे ओढून बांधणं असंच आहे म्हणे. थांबवणं नव्हे.

२०२० साली करोनामुळे सरकारने गणेशमूर्तींची उंची बांधून दिली, मंडळांना ४ फूट आणि घरी २ फूट. पेणच्या कारखानदारांना ते जड गेलं, पण मूर्ती घडत राहिल्या. आकडा दिला की माणूस त्यात बसायची वाट काढतो.

डॉक्टरांना फोन केल्यावर काकांनाही वाट मिळाली. सकाळी दीड लिटर पाणी मोजून ठेवायचं, चहा घेतला की तेवढं त्यातून तुळशीला. रोज वजन करायचं. आता काका संध्याकाळच्या चहासाठी दुपारचं ताक सोडतात, कधी उलटं. हिशेब तोंडपाठ आहे त्यांचा.

आत्या मात्र आल्यागेल्याला अजून हेच सांगते, "दादाचं पाणी बंद आहे हो."