बोले रोडचे बोले

माझे वडील पोस्टमन होते. गिरगावात त्यांची बीट होती, त्यामुळे रस्त्यांची नावं मी शाळेच्या पुस्तकांआधी त्यांच्या तोंडून शिकले. त्यांच्या लेखी प्रत्येक रस्त्याला दोन-तीन नावं असायची. कोकणातली आत्या पत्रावर ‘केळेवाडी’ लिहायची, बँकेच्या पाकिटावर तोच पत्ता ‘डॉ. भालेराव मार्ग’ म्हणून यायचा, आणि दोन्ही पत्रं एकाच जिन्यावरून वर जायची. १९७२ साली पिनकोड आला आणि गिरगावाला ४००००४ हा आकडा मिळाला. पण शेवटच्या दारापर्यंत पोचायला आकडा पुरत नाही, तिथे नावच लागतं.

गिरगावातली जुनी नावं कोणी ठराव करून ठेवलेली नाहीत. फणसवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट. इथे बागा होत्या, भाटं होती. झाडं गेली, चाळी उभ्या राहिल्या, झाडांची नावं माणसांच्या पत्त्यात राहिली. काही वाड्यांना मालकांची नावं मिळाली, जशी खोताची वाडी, झावबाची वाडी. ठराव करून दिलेली नावं नंतर आली, तीही सगळी परकी वाटली नाहीत. केळेवाडीतल्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते डॉ. अमृत नारायण भालेराव पेशाने डॉक्टर, पण त्यांचा जीव नाटकात. मुंबई मराठी साहित्य संघ त्यांनी उभा केला, आणि त्याच रस्त्यावर संघाचं नाट्यगृह आहे. वडील तिथे नाटकं बघायचे आणि म्हणायचे, ‘हे नाव बरोबर जागी बसलंय.’ रस्त्याच्या नावाची पारख करायला मला आजही तीच कसोटी पुरते. ज्या माणसाचं नाव दिलं, त्याचं त्या जागेशी काही नातं आहे का?

नाव देण्याची रीत तशी साधी आहे. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात रस्त्यांना नावं देण्याचा अधिकार आहे. व्यवहारात नगरसेवकाचं पत्र येतं, प्रभाग समितीत प्रस्ताव होतो, मग स्थापत्य समिती, मग महापालिकेची सभा. कोणी हरकत घेतली नाही की निळी पाटी लागते. या सगळ्या वाटेवर एक प्रश्न क्वचितच विचारला जातो : या रस्त्यावर राहणाऱ्याला हे नाव का दिलं ते कळेल का?

कॉलेज संपल्यावर मला फोर्टात नोकरी लागली. चर्नी रोडला गाडी पकडायची, चर्चगेटला उतरायचं आणि हुतात्मा चौक ओलांडून ऑफिसात जायचं. या चौकातल्या १८६४ च्या कारंज्यावर उभी असलेली फ्लोरा ही रोमन देवता फुलांची. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला, आणि त्यानंतर त्या चौकाला फुलांच्या देवतेचं नाव पुरेसं राहिलं नाही. १९६१ साली तिथे हुतात्मा स्मारक झालं. काही नावं बदलावीच लागतात. जमिनीवर जे घडलं त्याने जुनं नाव आधीच मोडलेलं असतं, ठराव फक्त ते कागदावर आणतो. त्या चौकातून निघणारा हॉर्नबी रोड दादाभाई नौरोजी रोड झाला, तेही मला असंच वाटतं. हॉर्नबी हा अठराव्या शतकातला कंपनी सरकारचा गव्हर्नर. त्याच्या नावावर दादाभाईंचं नाव आलं, त्या दादाभाईंचं, ज्यांनी या देशाची संपत्ती बाहेर कशी वाहून जाते त्याचा हिशेब मांडला. यापेक्षा योग्य बदल सुचवता येणार नाही. दुःख एवढंच की लोक त्याला डी. एन. रोड म्हणतात. जगन्नाथ शंकरशेट रोडचं जे. एस. एस. झालं, स्वामी विवेकानंदांचं एस. व्ही., लेडी जमशेदजींचं एल. जे. एवढ्या मोठ्या माणसांची दोन-तीन अक्षरं उरली.

काही इंग्रज गव्हर्नरांची नावं मात्र पूर्ण टिकली. ग्रँट रोड, सँडहर्स्ट रोड. कारण सोपं आहे, ती स्टेशनांना दिलेली नावं आहेत. तिकिटावर जे छापलेलं असतं, गाडीत जे पुकारलं जातं, ते रोज लाखो तोंडांतून जातं. ग्रँट रोडचा मौलाना शौकत अली मार्ग झाला, तरी स्टेशन ग्रँट रोडच राहिलं, म्हणून रस्ताही बोलण्यात ग्रँट रोडच राहिला. २०१८ साली एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं प्रभादेवी झालं. बदल पाटीवर करायचा की तिकिटावर, हे ज्यांना खरंच बदल हवा आहे त्यांनी आधी ठरवावं.

लग्न होऊन मी दादरला आले. गोखले रोड, रानडे रोड, केळकर रोड. या नावांसाठी कोणाला काही सांगावं लागत नाही, निदान माझ्या पिढीला. लेडी जमशेदजी रोडचं मात्र सांगावं लागतं. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये तेव्हा खाडी होती, लोक होडीने जायचे. कंपनी सरकार पूल बांधायला तयार नव्हतं. तेव्हा अवाबाई जमशेदजी जीजीभाई या बाईंनी एक लाख सत्तावन्न हजार रुपये दिले आणि १८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला. त्यांचा रस्ता त्याच कॉजवेकडे जातो. वडिलांच्या कसोटीला हे नाव पुरेपूर उतरतं.

पण दादरमधल्या ज्या नावाने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला ते म्हणजे बोले रोड. पोर्तुगीज चर्चकडून सिद्धिविनायकाकडे जाणारा हा रस्ता. सिद्धिविनायक मंदिराचा पत्ताच मुळी एस. के. बोले मार्ग असा आहे. मंगळवारी पहाटेपासून या रस्त्यावर रांग लागते. त्या रांगेत मीही कितीतरी वेळा उभी राहिले आहे, आणि बोले म्हणजे कोण हे तिथल्या कोणाला विचारलं तर उत्तर मिळत नाही.

रावबहादूर सीताराम केशव बोले मुंबई विधिमंडळाचे सभासद होते. गिरणी कामगारांसाठी कामगार हितवर्धक सभा उभी करणाऱ्यांत ते होते. १९२३ साली त्यांनी विधिमंडळात एक ठराव मांडला : सरकारी पैशातून बांधलेल्या आणि चालवलेल्या सगळ्या सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, पण प्रत्यक्षात तिथे कोणी पाणी पिऊ शकत नव्हतं. बोल्यांनी ठराव मांडून हात झटकले नाहीत. जी नगरपालिका हा ठराव पाळणार नाही तिचं अनुदान थांबवावं, असा दुसरा ठराव त्यांनी १९२६ मध्ये आणला. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्यांच्या पाठीशी हा कागद होता.

या इतिहासाची जाणीव मला फार उशिरा, महाडवरचं एक पुस्तक वाचताना झाली. ज्या रस्त्यावरून मी वर्षानुवर्षं भाजी आणली, मुलांना शाळेत नेलं, तो रस्ता पाण्याच्या हक्काच्या लढ्यातला आहे, हे त्या रस्त्यानेच मला सांगायला हवं होतं. पाटीवर नाव होतं, त्याखाली एक ओळ नव्हती.

तसंच अवंतिकाबाई गोखल्यांचं. माहीम पार्क म्हणून खुल्या झालेल्या मैदानाला १९२७ साली शिवाजी पार्क हे नाव मिळालं ते या बाईंच्या पुढाकाराने. त्या तेव्हा महापालिकेत नगरसेविका होत्या. गांधीजींचं मराठीतलं पहिलं चरित्र त्यांनी लिहिलं, गिरगावात स्त्रियांसाठी हिंद महिला समाज काढला. शिवाजी पार्क आज सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. ते नाव सुचवणाऱ्या बाईंच्या नावाचा रस्ता ऑपेरा हाउसजवळ आहे, माझ्या वडिलांच्या बीटपासून हाकेच्या अंतरावर. नाव देणाऱ्या माणसाचं नावही रस्त्याला मिळावं, आणि ते एका स्त्रीचं असावं, याचं मला मोठं समाधान आहे. मुंबईत स्त्रियांच्या नावांचे रस्ते मोजकेच दिसतात. गावदेवीत पंडिता रमाबाई, वरळीत ॲनी बेझंट, आणि मग आठवावं लागतं.

नावांची दुसरी बाजूही वडिलांमुळेच कळली. गावाकडे जाणाऱ्या पत्रांचे पत्ते वाचताना ते कधी कधी गप्प होत. ‘महारवाडा’, ‘मांगवाडा’, ‘ढोरवस्ती’. पाकिटावर माणसाच्या नावाखालीच त्याची जात लिहिलेली. पत्र ज्याच्या ज्याच्या हातातून जाईल त्या प्रत्येकाला ती वाचता येणार. आमच्या कोकणातल्या गावातही वाड्या जातींवरून ओळखल्या जायच्या आणि लहानपणी मला त्यात काही वेगळं वाटायचं नाही, कारण आमच्या वाडीच्या नावाने कोणी आम्हाला लांब उभं करत नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. जुनी नावं इतिहास असतात, ती पुसू नयेत, असं म्हणणारे भेटतात. फणसवाडीबद्दल मीही तेच म्हणेन. पण जे नाव माणसाला नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना थांबायला लावतं, ते जपण्याचा आग्रह धरण्याचा हक्क त्या वस्तीबाहेरच्या कोणालाही नाही.

आता मी मुलाकडे उपनगरात राहते. समोरचा रस्ता विकास आराखड्यातला, नवीन. रिक्षावाले त्याला ‘डीपी रोड’ म्हणतात, आणि त्याला नाव द्यायची चर्चा सोसायटीत सुरू आहे. कोणाच्या वडिलांचं, कोणाच्या नेत्याचं. मी सभेत एवढंच म्हटलं की इथे आधी काय होतं ते विचारा. जवळच्या गावठाणातल्या एका आजोबांनी सांगितलं, इथे आगर होतं, मीठ पिकायचं. आगर रोड असं नाव सुचवलं आहे. ते मान्य होईल की नाही ते सभा ठरवेल.

महापालिकेला मात्र मी वेगळं पत्र पाठवलं आहे. शहरातल्या प्रत्येक पाटीवर नाव पूर्ण लिहावं, आद्याक्षरं नकोत, आणि खाली दोन ओळी असाव्यात : हा माणूस कोण, त्याने काय केलं. नमुना म्हणून एका पाटीचा मजकूर सोबत जोडला आहे. ‘सीताराम केशव बोले मार्ग. सार्वजनिक विहिरी, शाळा आणि दवाखाने सर्वांना खुले करावेत, हा ठराव यांनी १९२३ साली मुंबई विधिमंडळात मांडला.’