माळवदाचं ओझं

30 सप्टेंबर 1993 च्या आदल्या दिवशी गणपती बोळवून आम्ही पोरं रात्री उशिरा परतलो आणि घरात न जाता गोठ्यापुढच्या पत्र्याखालीच आडवे झालो. मी बारा वर्षांचा होतो. किल्लारीपासून आमचं गाव वीसेक किलोमीटरवर, उमरगा तालुक्यात.

पहाटे आधी जमिनीतून गुरगुर आली, भरलेला ट्रक खडीवरून जावा तशी. मी उठून बसेपर्यंत आडवा हिसका बसला आणि बसलेला मी पडलो. डोळे उघडले तेव्हा समोर घर दिसत नव्हतं, नुसता धुरळा. जुन्या भिंतीतल्या मातीचा तो वास अजून नाकातून गेलेला नाही.

पुढच्या खोलीत आज्जी होती. ती गेली. मधल्या खणातली धाकटी बहीण वाचली, कारण तिथले सागवानी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या, वरचं माळवद त्यांनी तोलून धरलं. भिंती मात्र चारी बाजूंनी ढासळल्या होत्या.

घरातले वडीलधारे अण्णा शेवटपर्यंत म्हणत, "भुई कोपली." मी भूगोलाचा शिक्षक झालो, ते बहुधा या एका वाक्यामुळेच. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि आशियाला रेटतो. तो ताण हिमालयातच साठतो असं नाही. पट्टाच्या पोटातल्या जुन्या, कमजोर भेगांवरही तो येतो. किल्लारीजवळची अशीच एक भेग त्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी सरकली. पहिल्या लहरी सेकंदाला सहाएक किलोमीटर धावतात, ती गुरगुर त्यांची. भुई आडवी हलवणाऱ्या लहरी साडेतीन किलोमीटरच्या वेगानं मागून येतात. वीस किलोमीटरवर दोघींत अंतर पडतं अडीच सेकंदांचं. झोपलेल्या म्हातारीला तेवढ्यात उंबरा गाठता येत नाही.

त्या भूकंपाची तीव्रता 6.2 होती आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. साडेतीन महिन्यांनी, 17 जानेवारी 1994 ला, लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला 6.7 चा भूकंप झाला. तोही पहाटेच, भरवस्तीत, आणि आपल्याहून पाचपटीहून जास्त ऊर्जेचा. तिथे साठाच्या आसपास माणसं दगावली. हे आकडे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि दरवर्षी हात थांबतो.

आमच्या भिंती दोन-अडीच फूट जाड. जाड म्हणजे भक्कम, असं सगळेच धरून चालायचे. प्रत्यक्षात आतला एक थर, बाहेरचा एक थर आणि मधे कपच्या नि माती. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड कुठेच नाही. वर माळवद, त्यावर गळू नये म्हणून वर्षानुवर्षं पांढऱ्या मातीची भर. ते सगळं ओझं आमच्याच हातांनी चढवलेलं. यात कुणाची चूक म्हणू? सरकारी नकाशातही आमचा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याचा होता. 2002 च्या नकाशात तो जास्त धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात गेला.

दगड-मातीची जुनी घरं अजून गावोगाव उभी आहेत. तुमचं असेल तर माळवदावरची जादा माती उतरवा, भिंतीत जागोजाग आरपार दगड घाला आणि दारा-खिडक्यांच्या वरून घराभोवती काँक्रीटचा सलग पट्टा फिरवून घ्या. निदान तोवर म्हातारी माणसं आणि लेकरं त्या भिंतीखाली झोपवू नका.