वायू कोरडा करण्याचे काम

समुद्रातील वायुक्षेत्र चालविणे म्हणजे विहिरी खणणे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात विहीर एकदा खणून झाली की पुढे वर्षानुवर्षे चालते ते वायूतून पाणी काढण्याचे आणि त्याचा दाब सांभाळण्याचे काम. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या वेधनमंचाला फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागले आणि मे १९७६ मध्ये बॉम्बे हाय (आताच्या मुंबई हाय) क्षेत्राचे उत्पादन सुरू झाले. तेथे तेलाबरोबर वर येणारा, म्हणून ‘सहजात’ म्हटला जाणारा वायू समुद्रतळावरील नळवाहिनीने उरणला येतो. वसई क्षेत्रातील वायूत मात्र हायड्रोजन सल्फाइड हा विषारी घटक असतो आणि त्याची वाट हजिऱ्याकडे जाते.

लालबागच्या चाळीत वाढलेल्या प्रस्तुत लेखकाची नोकरी अशाच एका प्रक्रियामंचावर, वायू सुकवण्याच्या विभागात होती. जुहूहून हेलिकॉप्टरने जायचे, चौदा दिवस समुद्रावर आणि चौदा दिवस घरी, असा तेथील क्रम. आणि ‘वायू सुकवतो’ हे उत्तर चाळीत कोणालाच पटत नसे. ओला वायू दाबाखाली थंड झाला की त्यातील पाणी वायूलाच कोंडून बर्फासारखा घन पदार्थ बनवते. हायड्रेट नावाचा हा पदार्थ पाणी गोठण्याच्या तापमानाच्या वरही तयार होतो आणि नळी तुंबवतो. म्हणून उंच मनोऱ्यात वायू खालून वर सोडतात आणि वरून ग्लायकोल हा पाणी शोषणारा द्रव झिरपवतात. भिजलेला ग्लायकोल सुमारे २०० अंशांपर्यंत तापवून, पाणी उडवून, पुन्हा वर पाठवतात. रात्रपाळीचा बराचसा वेळ या ग्लायकोलच्या तापमानाकडे आणि वायूच्या दवबिंदूकडे पाहण्यात जाई. एवढे करूनही नळवाहिनीत साचलेला द्रव पुढे ढकलण्यासाठी ‘पिग’ हा नळीत घट्ट बसणारा दट्ट्या वायूच्याच दाबाने सोडावा लागतो, आणि तो दुसऱ्या टोकाला पोहोचल्याचे कळेपर्यंत नियंत्रण कक्षात कोणी फारसे बोलत नसे.

समुद्रतळावरून मंचावर चढणाऱ्या उभ्या नळीला राइझर म्हणतात. २७ जुलै २००५ रोजी, मुंबईतील महापुराच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबई हाय नॉर्थ मंचाच्या राइझरला ‘समुद्र सुरक्षा’ या नौकेची धडक बसली, वायू सुटून पेटला, २२ जणांचा बळी गेला आणि मंच नष्ट झाला. त्यानंतर मंचाकडे सरकणारी नौका दिसली की जुन्या कामगारांची नजर आधी राइझरकडे जाई. पाळीवरच्या नवख्यांना ही सवय शिकवावी लागत नसे.

वायूतल्या पाण्याची कटकट लालबागला मात्र नवी नव्हती. मुंबईचे रस्ते १८६५ मध्ये कोळशाच्या वायूने उजळले, आणि तो बनवणाऱ्या गॅस कंपनीचा कारखाना लालबागलाच होता. कोळशाच्या वायूच्या नळांतही वाफ निवून पाणी साचते. ते सखल जागी पुरलेल्या भांड्यांतून उपसावे लागते.

आज महानगर गॅसच्या नळांतून स्वयंपाकघरात वायू पोहोचतो तेव्हा त्याचा दाब अवघा २१ मिलिबार, म्हणजे सुमारे २१ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतका असतो, आणि मूळच्या गंधहीन वायूला गळती कळावी म्हणून मर्कॅप्टनचा उग्र वास दिलेला असतो. गिरगाव-परळच्या टॉवरांत हे नळ सहज बसतात. जुन्या चाळींत घरमालकाची संमती, सामाईक गॅलरी आणि रखडलेला पुनर्विकास आडवे येतात, म्हणून तेथे अनेक घरी अजून सिलिंडरच आहे. अर्थात उरणला सहजात वायूतून एलपीजीही वेगळा काढला जात असल्याने, त्या सिलिंडरातला वायूही काही वेळा त्याच समुद्रातून आलेला असतो.