गळतं एकीकडे

जुलैतल्या एका रात्री अडीच वाजता आमच्या गाडीचा हॉर्न वाजायला लागला, तो थांबेचना. बाबा लुंगी सावरत अंगणात गेले. गाडी बंद, आत कोणी नाही, चावी घरात खुंटीला. हॉर्न चालूच. मग पावसाचा थेंब नसताना वायपर दोनदा फिरले आणि काचेच्या मध्यावर थांबले. शेवटी बाबांनी बॉनेट उघडून बॅटरीची तार काढली, तेव्हा कुठे वाडी झोपली.

सकाळी आईचा मला पुण्यात फोन. "देवचाराक नारळ देऊक होयो."

मी हसलो. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या मुलाने हसावं तसंच हसलो.

आमचं घर मालवणहून तारकर्लीला जायच्या वाटेवर. घर आणि समुद्र यांच्यामध्ये सुरूचं बन. गाडी सुरूच्या सावलीतच उभी असते. सात सीटर एसयूव्ही आहे, कर्ज काढून घेतलेली. सिझनमध्ये बाबा तिच्यातून पर्यटकांना फिरवतात. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद, धंदाही बंद. पण गाडीचं एक काम बारा महिने चालू असतं. वाडीत रात्री-अपरात्री कोणाला काही झालं, की हाक बाबांना. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, पण दुखणं मोठं दिसलं की आमच्याकडची माणसं गोव्याला, बांबोळीला धावतात. मधली सीट पाडायची, माणसाला आडवं करायचं आणि निघायचं. बाबा डिझेलपलीकडे पैसे घेत नाहीत. किती खेपा केल्या याचा त्यांनी कधी हिशेब ठेवला नाही. मी तरी ऐकलेला नाही.

आठवडाभर घरून काम करायची परवानगी काढून मी मालवणला आलो. येताना ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर आणला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तो खुपसला आणि मोबाइलवर कोड आला : यू ०१४०. म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूलशी संपर्क तुटला. माझ्यासाठी प्रश्न तिथेच सुटला होता.

जुन्या जीपमध्ये तुम्ही बटण दाबलं की तारेतून करंट थेट, नाहीतर एखाद्या रिलेमार्फत दिव्याला जायचा. आताच्या गाडीत बटण फक्त विनंती करतं. ती विनंती बीसीएम नावाच्या डब्याकडे जाते, आणि दिवा लावायचा की नाही ते डबा ठरवतो. हॉर्न, वायपर, दिवे, काचा, दरवाज्यांची कुलुपं सगळं त्याच्या ताब्यात. आमच्या गाडीत तर चावी ओळखण्याचं कामही त्याच्याकडेच. चावीतल्या चिपची ओळख पटली नाही तर इंजिन सुरूच होत नाही. हे डबे एकमेकांशी बोलतात ते कॅन बसवरून. बॉशने १९८६ साली जगापुढे ठेवलेली ही पद्धत म्हणजे एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, त्यामुळे बॅटरी काढून दोन तारांमध्ये मीटर लावला तर साठ ओहम दाखवायला हवेत. मी लावला. बरोब्बर साठ. तारा ठीक, इतर मॉड्यूल ठीक, फक्त बीसीएम उत्तर देत नाही. म्हणजे डबाच गेला.

बाबा दरवाज्यात उभं राहून बघत होते. वाकून त्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट दाबली. हात ओला झाला.

"एसीचं पाणी असेल," मी म्हणालो.

"झिला, गळता थंय नळो फुटलेलो नसता," ते म्हणाले. "पाणी खंयसून येता ता बघ आधी."

आमचं जुनं घर नळ्यांचं होतं. पाणी देवघरात ठिबकायचं, पण फुटलेला नळा निघायचा पार पडवीच्या वर. मधल्या मध्ये पाणी वाशावरून सरकत यायचं. लहानपणी शिडी धरून उभं राहायचं काम माझं असायचं, म्हणून हे वाक्य मी शंभरदा ऐकलेलं. शंभरदा ऐकलेल्या वाक्याचं जे होतं, तेच त्या दिवशी झालं.

नवा डबा मागवला. तेवीस हजार. बाबा देतो म्हणाले, मी घेतले नाहीत. त्याचा थोडा तोराही होता. बॅटरीची तार काढून दहा मिनिटं थांबलो, मोबाइलचा टॉर्च दातात धरून डॅशबोर्डखाली शिरलो, दोन नट सोडले आणि जुना डबा बाहेर काढला. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर होता. कल्हई उडालेल्या भांड्याला चढतो तसा कळंक.

मला तो दिसला, हे इथे मुद्दाम लिहितोय. मी स्प्रे मारून तो पुसला आणि स्वतःला म्हणालो, खारी हवा. आमच्याकडे खिडकीचे गज, पंख्याची पाती, सायकलची चेन, सगळं खाऱ्या हवेने जातं. हे कारण कधीच खोटं नसतं. म्हणून ते पुढे आलं की कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

नवा डबा कोरा असतो. तो नुसता बसवून चालत नाही. गाडीचा सतरा अक्षरी नंबर आणि तिच्यात काय काय आहे ते त्याच्यात भरावं लागतं, दोन्ही चाव्यांची ओळख करून द्यावी लागते. कुडाळहून एक तंत्रज्ञ मोठा स्कॅनर घेऊन आला, त्याने तासाभरात ते केलं. हॉर्न गप्प, वायपर शहाणे, कोड साफ. रात्री जेवताना बाबा म्हणाले, "झाला मा आता?"

"आता बघायला नको," मी म्हणालो. आणि पुण्याला गेलो.

बाबांनी माझ्या शब्दावर विसंबून पुन्हा मॅट दाबून बघितली नाही.

ऑगस्टमध्ये तीन दिवस धो-धो पाऊस लागला. तिसऱ्या रात्री शेजारच्या काकीच्या छातीत दुखायला लागलं. घाम, डाव्या हाताला कळा. तिचा मुलगा पळत आला. बाबांनी चावीचं बटण दाबलं, कुलूप उघडेना. चावी भोकात घालून दरवाजा उघडला. स्टार्टर मारला. काहीच नाही. डॅशबोर्डवर फक्त चावीचा लाल दिवा लुकलुकत राहिला. गाडी बाबांची चावी ओळखत नव्हती.

अँब्युलन्सला यायला वेळ होता. पलीकडच्या वाडीतून कोणाची तरी छोटी गाडी येईपर्यंत पाऊण तास गेला. तिच्यात आडवं झोपता येत नाही. काकी बसून, मुलाच्या खांद्यावर मान टाकून गोव्याला गेली. वाचली. पण तो पाऊण तास गेलाच.

मला हे बाबांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आईने सांगितलं. मी बाबांना फोन केला तर म्हणाले, "गाडी सुरू होऊक नाय, इतक्याच." तू म्हणालेलास, असं त्यांनी म्हटलं नाही. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

ऑफिसमध्ये सर्व्हर पडला की आम्ही कागद भरतो. काय पडलं, का पडलं, आणि त्याचं का, असं पाच वेळा. टोयोटाच्या कारखान्यातून आलेली ही पद्धत मी नव्या मुलांना शिकवतो. रिस्टार्ट केल्यावर चालू झालं म्हणजे दुरुस्त झालं असं समजू नका, हे वाक्य माझ्या स्लाइडवर आहे. घरच्या गाडीला मी एकच 'का' विचारला आणि उत्तर आवडलं म्हणून थांबलो. उत्तर चुकीचंही नव्हतं. डबा खरंच गेला होता. कशाने गेला, हे मी विचारलं नव्हतं.

चतुर्थीला गेलो तेव्हा बाबांनी गाड्यांचं काम करणारा एक म्हातारा वायरमन बोलावला होता. त्याच्याकडे स्कॅनर नव्हता. त्याने डॅशबोर्डखाली जुना पेपर पसरला, उताणा आत शिरला आणि मला म्हणाला, "इंजिनियर, काचेवर तांब्याने पाणी ओत. हळू."

मी ओतत राहिलो. सहाव्या तांब्याला आतून आवाज आला. "थांब. इला."

बॉनेट उघडून त्याने काचेच्या खालची प्लास्टिकची जाळी काढली. काचेवरचं पाणी त्या जाळीतून एका पन्हळीत पडतं आणि दोन टोकांच्या भोकांतून खाली जमिनीवर जातं. भोकं दिसतच नव्हती. आंब्याचं, फणसाचं पान जाळीवर अडकतं, वाऱ्याने उडूनही जातं. सुरूच्या सुया जाळीतून सरळ आत जातात. वाळू आणि सुया मिळून घट्ट बोळा झाला होता. पन्हळ भरली की पाणी वायरिंगच्या जुडग्यापाशी चढायचं, तारा आत शिरतात तिथल्या ढिल्या रबरातून घुसायचं, आणि तारेवरून सरकत सरकत कनेक्टरमध्ये. वाशावरून देवघरात यायचं तसंच.

वायरमनने भोकं मोकळी केली, रबर बदललं, कनेक्टर धुऊन सुकवले. मग वायरिंगचं जुडगं कनेक्टरच्या अलीकडे थोडं खाली ओढून बांधलं. "वायरीक झोळ दिलंय. पाणी इला तरी हय ठिबकात, डब्यात जावचा नाय." घराच्या मीटरकडे येणाऱ्या तारेला असतो, तसा झोळ. नशिबाने नवा डबा अजून जिवंत होता. सुकल्यावर त्याने चावी ओळखली.

त्याने आठशे रुपये घेतले. आईने वर दोन नारळ दिले. तिसरा कुठे गेला ते मी विचारलं नाही.

मी बाबांना म्हणालो, "तुम्ही सांगितलं होतं."

"सांगूक काय, कोणय सांगता," ते म्हणाले. "शिडयेवर चढाचा लागता." आणि मोदकांसाठी नारळ सोलायला गेले.

आता दर महिन्याच्या एक तारखेला त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो. तळहातावर सुरूच्या सुयांची मूठ. खाली काही लिहिलेलं नसतं. मी अंगठा पाठवतो.

ऑक्टोबरमध्ये काकीची तपासणी होती, मी घरी होतो, म्हणून गाडी मीच काढली. बाबा मागे बसले, काकी पुढे. बांद्याच्या पुढे तिने डॅशबोर्डवर हात ठेवून विचारलं, "त्या रात्री ह्येका काय झाला होता रे?"

बीसीएम, कॅन बस, चावीची चिप, सगळं तोंडाशी आलं. आरशात बाबा खिडकीबाहेर बघत होते.

"पाणी गेलं होतं, काकी," मी म्हणालो. "मी नीट बघितलं नव्हतं."

ती काही बोलली नाही. पत्रादेवीला परतीच्या पावसाची सर आली. मी वायपरचा दांडा खाली केला. वायपर फिरले.