चवड्यापुरती जमीन

माझी उंची पाच फूट एक इंच. तिशी ओलांडेपर्यंत ही माहिती फारशी कुणाला द्यावी लागली नव्हती. लग्नाच्या बायोडेटात एकदा लिहिली, तीही आईच्या "पाच-दोन लिही गं, चपला घालूनच तर भेटायचंय" या दुरुस्तीसह. मोटरसायकल घ्यायची ठरवली आणि उंची हा एकदम सार्वजनिक विषय झाला. एका शोरूममधल्या मुलाने माझ्या बुटांपासून डोक्यापर्यंत नजर फिरवली आणि मोठ्या मायेने सुचवलं, "मॅडम, टूरिंग स्कूटरवर पण होतं." होतं, नाही कशाला म्हणू? पण मला हिमालयन हवी होती.

मी देवनहळ्ळीत राहते, विमानतळाच्या मालवाहतूक विभागात पाळीची नोकरी करते. विमानतळ २००८मध्ये सुरू झाला आणि हे तालुक्याचं गाव बंगळूरचं उपनगर व्हायला लागलं. अजून पुरतं झालेलं नाही. जुन्या वस्तीत किल्ला आहे, तो १७९१मध्ये कॉर्नवॉलिसने टिपूकडून घेतला. मी तासगावची, आणि आमचे परशुरामभाऊ पटवर्धन त्याच युद्धात फौज घेऊन या मुलखात उतरले होते. त्यांच्या घोड्याची उंची कुणी लिहून ठेवलेली नाही. ४४ नंबरचा हायवे दाराशी, नंदीचा डोंगर वीसेक किलोमीटरवर, पुढे चिक्कबळ्ळापूरकडे द्राक्षांचे मांडव. असे मांडव दिसले की तासगाव आठवतं, आणि तासगाव सहाशे किलोमीटरांच्या वर आहे. तिथे स्वतःच्या गाडीने जायचं, एवढाच हट्ट होता.

हिमालयन ४५०ची सीट जमिनीपासून ८२५ मिलिमीटरवर असते, गाडीचं वजन पेट्रोलसकट १९६ किलो. माझं बावन्न. सीट एवढी वर का, याला साधं कारण आहे. खड्ड्यात चाकाला वीस सेंटिमीटर वर-खाली व्हायला जागा द्यायची, इंजिनाखाली २३० मिलिमीटर मोकळे ठेवायचे, मग स्वार वर जाणारच. या जातीच्या सगळ्याच गाड्या अशा. केटीएमची ३९० ॲडव्हेंचर २०२०मध्ये भारतात आली तेव्हा तिची सीट ८५५वर होती. उलट होंडाची गोल्डविंग साडेतीनशे किलोंहून जड, पण सीट ७४५वर, म्हणून तिच्यावर बुटका माणूसही निवांत बसतो. वजनाचा बाऊ उगाच होतो. पाय नीट टेकले तर वजन सांभाळता येतं.

आणि पाय टेकायची वेळ येते ती गाडी थांबताना. चालत्या गाडीवर सगळ्यांचेच पाय पायदानावर. तीनदा जगज्जेता झालेला दानी पेद्रोसा एकशे साठ सेंटिमीटर उंचीचा होता आणि ताशी तीनशेच्या पुढे जायचा; मात्र शर्यतीच्या ट्रॅकवर सिग्नल नसतात आणि मागून बीएमटीसीची बस हॉर्न देत नाही. अमेरिकेतली जोसेलिन स्नो माझ्याच उंचीची. बीएमडब्ल्यूची मोठी जीएस ती डोंगरात फिरवते. तिचे व्हिडिओ बघताना ती गाडी कशी चालवते याकडे मी फारसं लक्ष दिलं नाही, ती थांबते कशी तेवढंच परत परत पाहिलं. पुण्यात उर्वशी पाटोळे यांनी २०११मध्ये 'बाइकर्नी' सुरू केली, बंगळुरात 'हॉप ऑन गर्ल्स' त्याच सुमाराची. अशा गटांनी एक फार चांगलं केलं: "बाईला जमेल का" हा प्रश्न मागे पडून "बाईला गाडी कशी बसवायची" हा कामाचा प्रश्न पुढे आला.

कामाची सुरुवात पाय मोजण्यापासून. भिंतीला पाठ लावायची, जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून जांघेत घट्ट वर ओढायचं आणि त्याच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. माझे सत्तर सेंटिमीटर भरले, बुटाचा तळ तीन. आता ८२५मधून ७३० वजा केले की साडेनऊ सेंटिमीटर हवेत, असा हिशेब मांडून लोक हाय खातात. तो हिशेब दोन्हीकडून चुकतो. टाच उचलून चवड्यावर उभं राहिलं की बरीच उंची मिळते. पण पाय ओळंब्यासारखा सरळ खाली उतरत नाही. तो आधी सीटच्या रुंदीला वळसा घालतो आणि तिथे चार-पाच सेंटिमीटर गमावतो. सीट किती वर आहे हे कागदावर छापलेलं असतं. मांड्यांच्या मध्ये ती किती रुंद आहे हे कुठेच छापत नाहीत, आणि आमच्यासारख्यांचा अर्धा जीव त्या रुंदीत अडकलेला असतो.

दुसरी गोष्ट गाडी घेतल्यावर जुन्या बसस्टँडजवळच्या गॅरेजवाल्या अण्णांनी दाखवली. मागचा शॉकअप कंपनीतून येतो तेव्हा त्याची स्प्रिंग मध्यम वजनाचा स्वार धरून दाबलेली असते. सत्तर-पंचाहत्तर किलोंच्या माणसाखाली गाडी जेवढी दबते तेवढी बावन्न किलोंखाली दबत नाही. बुटकी माणसं बहुधा हलकीही असतात, म्हणजे कागदावर सगळ्यांना सारखी असलेली उंची आमच्या वाट्याला प्रत्यक्षात जास्तच येते! अण्णांनी गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक अधांतरी केलं, आसापासून वर मडगार्डवर मारलेल्या पेनच्या खुणेपर्यंत टेप धरली. मग मला जाकीट, हेल्मेट, बुटांसह सरळ बसवलं, पोराला हँडल धरायला लावलं आणि परत मोजलं. एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, म्हणजे साठ मिलिमीटरच्या आसपास, गाडी दबायला हवी; माझ्याखाली पंचेचाळीसच दबली होती. हुक पान्याने स्प्रिंगची चकती सैल करत त्यांनी ती साठपर्यंत आणली. "स्वल्प साकु," म्हणाले, थोडंसंच पुरे. त्याहून सैल केली तर खड्ड्यात गाडी तळाला आदळते, वळणावर डुलते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दीड सेंटिमीटर असा फुकट मिळाला. अण्णांनी मजुरी घेतली नाही, वर चहा पाजला.

कंपनीचीच एक बुटकी सीट मिळते, ८०५ची. ती घेतली. दोन सेंटिमीटर. एवढ्यावर थांबता आलं असतं, पण रुंदीचं शल्य होतं, म्हणून ती सीट काढून बसने जे. सी. रोडला नेली. मोटारींचे सुटे भाग, सीट कव्हरं, मॅट, हॉर्न असं सगळं विकणारा हा बंगळुरातला जुना रस्ता. एका बोळात एक चाचा गाद्या शिवत बसले होते. सीट उलटी करून त्यांनी पक्कडीने एकेक स्टेपल पिन उपटली, रेक्झीन सोलून बाजूला टाकलं. आत पिवळट फोम. त्यावर बोटं दाबत ते मागून पुढे आले, डॉक्टर पोट तपासतात त्या गांभीर्याने.

मला वाटत होतं वरून काप काढतील. चाचांनी मान हलवली. "उप्पर से काटे तो दो घंटे में हड्डी प्लेट पे बैठती, मेडम. बाजू से काटते." मग तो नुसता फोम एका लाकडी घोडीवर बांधून त्यांनी मला वर बसवलं, दोन्ही पाय खाली सोडायला सांगितले आणि मांडी जिथे फोमला घासत होती तिथे स्केचपेनने रेघ ओढली. डावी रेघ उजवीपेक्षा जरा पुढे आली. "सब का ऐसाच रहता," ते म्हणाले. रेघेबाहेरचे खांदे लांब सुरीने तासले, मग ग्राइंडरला पॉलिशपेपरची चकती लावून ती धार गोल केली. बोळभर पिवळा भुगा उडाला, शेजारच्या हॉर्नवाल्याने शिव्या घातल्या. बैठकीच्या जागी त्यांनी उलट थोडा फोम काढून त्यात घट्ट, रंगीबेरंगी तुकड्यांचा दाबलेला फोम बसवला. तो कडक असतो, पण बसल्यावर खचत नाही. वर पातळ मऊ थर, त्यावर पाणी मुरू नये म्हणून प्लास्टिकचा कागद, मग रेक्झीन. शिवण मांडीखाली येणार नाही अशी मागे घेतली. पुढचा उतारही त्यांनी मोडला, नाहीतर ब्रेक मारला की स्वार टाकीवर घसरतो. हे सगळं त्यांनी मी न सांगता केलं. मी फक्त रंग सांगितला, काळा.

सीट बसवल्यावर दोन्ही चवडे जमिनीला लागले. बूड किंचित डावीकडे सरकवलं की डावा पाय अख्खा.

याहून खाली जायचा मार्ग होता. ऑफिसातल्या एकाने त्याच्या गाडीला मागे लांब लिंक बसवली होती. चाकाचा दांडा आणि शॉकअप यांना जोडणाऱ्या या पट्ट्या काही मिलिमीटरनी लांब केल्या की मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर खाली येते. अवतीच्या रस्त्यावर मी ती चालवून पाहिली. पाय मस्त टेकत होते. पण पुढचा चिमटा वर सरकवून समतोल साधलेला नव्हता, त्यामुळे हँडल जड आणि आळशी. साइड स्टँड आता लांब पडत होता. गाडी जवळजवळ सरळ उभी राही, वाऱ्याने पडेल अशी, म्हणून स्टँड कापून वेल्डिंग केलेलं. गावातल्या गतिरोधकावर खालचा पत्रा खर्रकन घासला. ज्या वीस सेंटिमीटरसाठी पैसे मोजले तेच कमी करायचे, शिवाय उद्या अपघात झाला तर विमावाला त्या लिंककडे बोट दाखवेल ही भीती. मी तो नाद सोडला. ज्याचं फिरणं डांबरावरच आहे त्याने खुशाल बसवावी, पण चिमटा, स्टँड, चेन, दिवा सगळं पुन्हा जुळवून.

उरलेली उंची रस्त्यावरून मिळवायची असते. आपल्याकडचा रस्ता मधोमध फुगलेला असतो आणि पाणी जायला कडेला उतरतो. आपण डावीकडून चालणार, उजवा पाय ब्रेकवर, म्हणजे टेकायचा डावाच. आणि जमीन नेमकी डावीकडेच खाली गेलेली! बुटक्या स्वाराशी हा रोजचा दगाफटका. त्यावर दोन उपाय मी वापरते: एक तर सिग्नलला फूटपाथला बिलगून थांबायचं आणि पाय कडेच्या दगडावर ठेवायचा, नाहीतर लेनच्या उजव्या बाजूला, रस्त्याच्या फुगवट्याजवळ. मधला उतार टाळायचा. नंदीच्या घाटात रविवारी पहाटे सूर्योदयवाल्यांची रांग लागते तेव्हा तर हे पाठ हवं. उजव्या वळणावर थांबावं लागलं तर डावी बाजू वर असते, पाय आपोआप टेकतो. डाव्या तीव्र वळणावर आतल्या बाजूला थांबलं की पायाखाली काहीच नाही. म्हणून समोरची गाडी वळणात अडकलेली दिसली की मी वळणाच्या अलीकडेच थांबते. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

पार्किंगला तोंड चढाकडे, म्हणजे निघताना गाडी उताराने आपसूक मागे येते. तोंड उताराकडे असेल तर चवड्यांवर दोनशे किलो मागे ढकलता येत नाहीत. अशा वेळी मी सरळ खाली उतरून, गाडी कमरेला टेकवून ढकलते. लोक मदतीला धावतात आणि नेमकं हँडल धरतात, ज्याने तोल जातो. "मागून, मागून धरा," हे वाक्य मला आता कन्नडमध्येही येतं.

दिवाळीला निघाले. आईचा फोन आदल्या रात्री. "पाय पुरत नाहीत म्हणतेस आणि एवढं लांब येतेस?"

"आता पुरतात गं."

"दोन्ही?"

"चवडे."

ती गप्प झाली, मग म्हणाली, "दादाला सांगते हुबळीपर्यंत यायला." दादा आला नाही, अर्थात. दोड्डबळ्ळापूर, दाबसपेटवरून पुण्याच्या हायवेला लागले. सामानासाठी अण्णांनी स्प्रिंग पुन्हा थोडी घट्ट करून दिली होती. बॅगा गाडीला खाली दाबतात आणि स्प्रिंग तिला वर आणते, उंची तीच राहते, पण वजन मागे गेल्याने थांबताना गाडी एका बाजूला पटकन कलते. चित्रदुर्गापर्यंत चाचांची गादी जाणवलीही नाही. त्यापुढे गुडघे बोलायला लागले. सीट खाली आली तसं तिचं पायदानापासूनचं अंतर कमी झालं, गुडघे जास्त दुमडले. मला दर तासाला उतरून पाय मोकळे करावे लागले. कमी उंचीला तेही चालतं, सहाफुट्याला ही सीट छळच ठरेल. हुबळीला मुक्काम केला. कागलच्या पुढे रुंदीकरणाची कामं, एक लेन खरवडलेली, दुसरी चार बोटं उंच. तिथे ट्रकच्या मागे अचानक थांबावं लागलं, डावा पाय खरवडलेल्या बाजूला गेला, गाडी कलली, बूड सरकलं आणि तळवा पुरा टेकला. जे. सी. रोडच्या बोळात जे तासून काढलं होतं ते तिथे वसूल झालं.

तासगावात दादाने चावी मागितली. तो पाच फूट दहा. एक चक्कर मारून आला आणि गुडघे चोळत म्हणाला, "ही काय तिचाकी सायकल करून ठेवलीस? जुनी सीट कुठाय?"

"देवनहळ्ळीत, माळ्यावर."

"पुढच्या वेळी घेऊन ये."

"आणते," म्हटलं. सहाशे किलोमीटर ती सीट पाठीवर बांधून कोण आणणार!