जाळी

आमच्या गल्लीत भोवरा फिरवणाऱ्यापेक्षा जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, नीट गुंडाळणाऱ्याला जास्त मान होता. दोरीचं टोक ओलं करायचं, आरेपाशी धरायचं आणि वेढ्याला वेढा खेटून बसवत वर जायचं. एक वेढा सैल राहिला की भोवरा आडवा पडलाच. फेकल्यावर करण्यासारखं काही उरत नसे. जी काळजी घ्यायची ती हात सुटण्याआधी.

२२ जून २०१६ च्या सकाळी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ रॉकेट झेपावलं, तेव्हा मला ती जाळी आठवली. एका खेपेत वीस उपग्रह. त्यांतला थोरला कार्टोसॅट-२ मालिकेतला, सव्वासातशे किलोंच्या घरातला, पृथ्वीची छायाचित्रं घेणारा. आणि त्याच्या सोबतीनं निघालेला पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन जेमतेम किलोभर. एका हौशी (हॅम) रेडिओ केंद्राचा निरोप घ्यायचा, जपून ठेवायचा आणि दुसऱ्या केंद्रावरून जाताना पोचता करायचा, एवढंच त्याचं काम.

रॉकेटपासून सुटलेला उपग्रह गिरक्या खात राहतो. मोठ्या उपग्रहांत त्याला सावरायला विजेवर फिरणारी चाकं असतात. या पोरांनी आत लोहचुंबक बसवलं. होकायंत्राच्या सुईसारखं ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून घेतं आणि जोडीच्या धातूच्या कांड्या गिरकीतली ऊर्जा थोडी थोडी जिरवत नेतात. सावरण्यासाठी वीज लागतच नाही. हे काम काही वर्षं चाललं होतं. पहिला वेढा घालणारे पदवी घेऊन बाहेर पडले, शेवटचा दुसऱ्याच पोरांनी आवळला. मला याचं फार अप्रूप वाटतं. आपला हात पोचणार नाही अशा जागी सावरण्याची सोय आधीच करून ठेवायची, याहून माया वेगळी ती काय?

थोरल्याच्या वाटेतही भोवरा आहेच. जमिनीवर नजर ठेवणारा असा उपग्रह एखाद्या गावावर येतो तो दर वेळी साधारण त्याच सूर्यवेळेला. म्हणजे कालच्या आणि आजच्या चित्रांत उन्हाचा कल सारखाच. मग दिसणारा फरक सावल्यांचा नसतो. धरणातलं पाणी उतरलेलं असतं, नदीनं काठ खाल्लेला असतो. ही वेळ पाळायला मदत करते पृथ्वीच. विषुववृत्तापाशी ती ध्रुवांपेक्षा एकवीस किलोमीटरनं फुगीर आहे. त्या फुगवट्याच्या ओढीनं कक्षेचं प्रतल कललेल्या भोवऱ्यासारखं डुलतं, रोज अंशभराहून किंचित कमी, आणि वर्षात बरोबर एक फेरा पुरा करतं. पृथ्वीचा हा स्वभाव ओळखून कक्षा निवडायची, की मग दिवसागणिक ढकलावं लागत नाही.

कधी मात्र वेढा निसटतो. ७ ऑगस्ट २०२२ रोजी एसएसएलव्ही हे छोट्या उपग्रहांसाठीचं रॉकेट पहिल्यांदा उडालं. बरोबर भूनिरीक्षणाचा ईओएस-०२ होता आणि सरकारी शाळांतल्या ७५० मुलींचे हात लागलेला, आठ किलोंचा आझादीसॅट. दुसरा टप्पा सुटताना रॉकेट क्षणभर थरथरलं. त्या हादऱ्यानं रॉकेटच्या संगणकाचा समज झाला, की त्वरण मोजणारी उपकरणं बिघडली. त्यांच्यावाचून पुढे जाताना वेग कमी पडला. ३५६ किलोमीटरवरची गोल कक्षा हवी होती. मिळाली ती एका टोकाला ७६ किलोमीटरपर्यंत उतरणारी. तिथे हवा आहे. तिनं दोघांनाही तगू दिलं नाही.

आमचा भोवरा आडवा पडला की चार पावलं जाऊन उचलून आणता येई. त्या मुलींना उचलून आणण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. भोवराच नवा घडवायचा होता, जाळी पहिल्या वेढ्यापासून गुंडाळायची होती. सहा महिन्यांनी, १० फेब्रुवारी २०२३ रोजी, एसएसएलव्हीनं आझादीसॅट-२ साडेचारशे किलोमीटरवर नेऊन अलगद सोडला.